वासे पोखरणारी कीड: औषधाआधी लाकूड पाहा

संपादक महोदय,

चतुर्थीला गावचे घर उघडले, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला वर पाहिले आणि खाली जमिनीवर पिवळसर पिठीचे ढीग दिसले, की पुढची पायरी ठरलेली असते. फवारणीवाल्याला फोन होतो, घरभर औषधाचा वास सुटतो आणि पुढच्या वर्षी पिठी पुन्हा त्याच वाशाखाली पडलेली असते. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे भागांतल्या चौकाच्या (मधोमध अंगण असलेल्या) घरांची लाकूडकामे करणारे आम्ही काही कारागीर आहोत. आमचे म्हणणे असे, की पिठी पाडणारी कीड बहुधा घराच्या जुन्या लाकडातली नसते. गेल्या काही वर्षांत दुरुस्तीसाठी जे नवे लाकूड घातले, त्यातून ती येते. म्हणून तिचा बंदोबस्त घरापेक्षा लाकडाच्या वखारीत करणे स्वस्त पडते.

आधी कीड कोणती ते ओळखावे. पिठी चिमटीत चोळून पाहा. ती मैद्यासारखी मऊ असेल आणि लाकडाला १ ते २ मिलिमीटरची गोल भोके असतील, तर ते लिक्टस नावाच्या बारक्या भुंगेऱ्याचे काम आहे. पिठी रव्यासारखी भरड आणि भोके ३ ते ६ मिलिमीटरची असतील, तर त्याच्याहून मोठा, पुढून कुबड आल्यासारखा दिसणारा भुंगेरा. खसखशीएवढे, सहा कंगोऱ्यांचे कडक दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढल्या असतील तर जमिनीतली वाळवी. वाशाच्या टोकाला बोट जाईल एवढे गोल भोक, खाली लाकडाचा कीस आणि आसपास घोंघावणारा मोठा काळा भुंगा असेल, तर त्याला औषध मारू नका. तो लाकूड खात नाही, घरट्यापुरते कोरतो, आणि कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) फुलांना त्याची गरज आहे. तो बाहेर पडून गेला की भोकात लाकडी खुंटी ठोकून वर रंग द्यावा, एवढे पुरते.

जुन्या तुळईवर कधीकधी मोठी लांबट भोके दिसतात आणि घरमालक घाबरतात. ती बहुधा झाड तोडून ओंडका सालीसकट जंगलात पडला होता, तेव्हाची असतात. त्या किडीला ताजे, सालीखालचे लाकूड लागते. लाकूड वाळल्यावर तिचा वंश तिथेच संपतो. अशा भोकांवर पैसे घालवू नयेत.

कीड जिवंत आहे का, हा पुढचा प्रश्न. लाकडावर दिसणारे भोक ही भुंगेरा बाहेर पडल्याची खूण असते. लाकूड खाल्लेले असते अळीने, आणि ती आत, दुसरीकडे असते. शिवाय जुनी पिठी वर्षानुवर्षे बोगद्यात साठलेली असते. माळ्यावर कोणी चालले, दार आपटले की ती पडते आणि नवी कीड लागल्यासारखे वाटते. म्हणून आधी वासे कुंचल्याने किंवा व्हॅक्यूमने साफ करावेत, दिसणाऱ्या प्रत्येक भोकाभोवती खडूने खूण करावी, खाली काळा कागद अंथरावा आणि १५ दिवस थांबावे. कागदावर फिकट, ताजी पिठी पडली किंवा खूण नसलेले, स्वच्छ कडांचे नवे भोक दिसले, तरच कीड जिवंत समजावी. ही तपासणी मार्च ते जून या काळात करावी. उकाड्यात भुंगेरे बाहेर पडतात. भर पावसात काहीच दिसले नाही, तर त्यावरून काही ठरत नाही.

आता मूळ मुद्दा. लिक्टस लाकडातल्या पिष्टावर, म्हणजे स्टार्चवर जगतो. हे पिष्ट सालीलगतच्या पांढरट भागात असते, गाभ्यात नसते. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते आणि आमच्या हवेत वर्षाच्या आत नवी पिढी बाहेर पडते. झाड तोडल्यावर पांढऱ्या भागातले पिष्ट हळूहळू कमी होत जाते, आणि साधारण १० वर्षांनंतर ते लाकूड या किडीच्या फारसे उपयोगाचे राहत नाही. आजोबा-पणजोबांच्या काळच्या सागवान, किंदळ, जांभा, माट्टी यांच्या तुळया टिकल्या, कारण त्या गाभ्याच्या होत्या आणि सुताराने पांढरा भाग तासून टाकला होता. आज वखारीतून येणारा फणस किंवा सागवान कोवळ्या झाडाचा असतो. ३ इंची वाशाची निम्मी जाडी पांढरी निघते. आंबा, रबराचे लाकूड आणि पेट्यांचे लाकूड तर विचारूच नका. अशा ४ रिपा (कौलांखालच्या पट्ट्या) घातल्या, की पिठी सुरू होते आणि दोष मात्र जुन्या घराला जातो.

पिष्ट आहे की नाही हे वखारीतच पाहता येते. औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन न्यावे. लाकडाच्या टोकाला ताजा काप घ्यावा, त्यावर २ थेंब टाकावेत आणि काही मिनिटे थांबावे. पांढरा भाग निळा-काळा झाला तर पिष्ट भरपूर आहे, पिवळट तपकिरी राहिला तर कमी. काप ताजा हवा, जुन्या धुळकट टोकावर रंग नीट उमटत नाही. निळा-काळा रंग आला तर एकतर पांढरा भाग तासून घ्यावा आणि जाडी कमी होईल त्या मानाने मोठे माप घ्यावे, किंवा ते लाकूड बसवण्याआधी बोरॉनमध्ये बुडवावे. आपल्याच भाटातला (बागायतीतला) फणस तोडून वापरणार असाल, तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, हे लक्षात ठेवावे.

बोरॉन म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड यांचे द्रावण. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. बोरिक अ‍ॅसिड कॅरमच्या पावडरीत असते, पण कामासाठी रसायनांच्या दुकानातून किलोने घ्यावे. १० लिटर पाण्याला ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड हे प्रमाण. ६ लिटर पाणी हाताला चटका बसेल इतके, म्हणजे ६० अंशांच्या आसपास गरम करावे, त्यात आधी बोरॅक्स ढवळून विरघळवावा, मग बोरिक अ‍ॅसिड, आणि शेवटी उरलेले ४ लिटर गार पाणी. थंडीच्या सकाळी तळाला खडे दिसले तर द्रावण पुन्हा कोमट करावे. ही दोन रसायने एकत्र असली तरच एवढी विरघळतात. नुसते बोरिक अ‍ॅसिड गार पाण्यात घालून तळाशी बसलेला साका लावणारे पुष्कळ दिसतात.

हातमोजे आणि मास्क घालावा, मुलांना लांब ठेवावे. पोटात गेले तर बोरॉन विषारी आहे. उरलेले द्रावण तुळशीत, माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, झाडे जळतात. पोळपाट, पाट, रवी, काठवट यांना तर हे अजिबात लावू नये. त्या वस्तू उकळत्या पाण्यात बुडवून काढाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये १५ दिवस ठेवाव्यात.

नवे लाकूड ओले असेल तर उत्तम. बोरॉन पाण्याच्या वाटेने आत सरकते, म्हणून ओल्या लाकडात ते पार मध्यापर्यंत पोचते आणि कोरड्यात काही मिलिमीटरवर थांबते. वासे द्रावणात बुडवावेत, ओलेच एकावर एक रचावेत, प्लास्टिकने घट्ट झाकावेत आणि २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्यांना साधारण महिनाभर तसेच ठेवावे. जाडी दुप्पट असेल तर वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो. नंतर झाकण काढून सावलीत, मध्ये पट्ट्या घालून वाळवावे. घाई करून आठवड्यात उघडले, तर बोरॉन पृष्ठभागावरच राहते आणि रंधा मारताना भुशाबरोबर निघून जाते. त्यामुळे कापणे, रंधा, खाचा, चुळी हे सगळे काम बुडवण्याआधी आटोपावे. नंतर काप घ्यावाच लागला, तर उघड्या टोकाला कुंचल्याने ३ हात द्यावेत.

बसवलेल्या लाकडाची गोष्ट वेगळी. इथे शाकारणीची संधी साधावी. एप्रिल-मेमध्ये कौले उतरली, की वाशांची आणि रिपांची वरची बाजू उघडी पडते. एरवी तिथे कुंचला पोचत नाही आणि कीड नेमकी तिथेच, कौलाच्या आडोशाला असते. काजळी, जुना रंग, तेल खरवडून काढावे, कारण पाण्यातले द्रावण तेलकट पृष्ठभागावर चढत नाही. मग पहिला हात वाळायच्या आत दुसरा आणि तिसरा द्यावा. खडबडीत लाकडाला ३ हात मिळून चौरस मीटरला सुमारे ३०० मिलिलिटर लागते. २ बाय ३ इंची, १० फुटी वाशाचा पृष्ठभाग पाऊण चौरस मीटर भरतो, म्हणजे १० लिटरमध्ये ४० वासे होतात. टोके आणि सांधे यांना जास्त पाजावे. वाळल्यावर पांढरी पूड आली तर ओल्या फडक्याने पुसावी. आठवड्याने वर जवसाचे तेल किंवा पॉलिश द्यावे. बोरॉन पावसात धुऊन जाते, त्यामुळे बलकांवाच्या (घरापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या) बाहेर डोकावणारी वाशांची टोके, अंगणातले खांब यांना नुसते बोरॉन पुरत नाही. तिथे वरचा थर हवाच.

अशा न दिसणाऱ्या बाहेरच्या भागांना काजूच्या टरफलाचे तेल अजूनही चांगले. ते टर्पेंटाइनने पातळ करून लावतात. लाकूड काळे पडते आणि अंगावर उडाले तर कातडी फोडासारखी उठते, म्हणून कोपरापर्यंत मोजे हवेत. जवसाच्या तेलाचे बोळे मात्र गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवावेत.

तुळई जाड असेल आणि कीड आत जिवंत असेल, तर वरवर लावून अळी मरत नाही. तिथे ६ मिलिमीटरच्या ड्रिलने २० सेंटिमीटर अंतरावर, एकाआड एक खालीवर सरकवून, जाडीच्या दोन-तृतीयांशपर्यंत तिरकी भोके पाडावीत, तोंड वर राहील अशी. ८ सेंटिमीटर खोल भोकात जेमतेम सव्वादोन मिलिलिटर मावते, म्हणून इंजेक्शनच्या सिरिंजने भरावे, मुरू द्यावे आणि पुन्हा भरावे, असे तीन-चारदा. मग लाकडी खुंटी. भारवाहू तुळईत खालच्या कडेला भोके पाडू नयेत, ताण तिथेच असतो. कोरड्या, महत्त्वाच्या लाकडासाठी परमेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचे, लाकडासाठी म्हणून नोंदणी झालेले तेलातले तयार औषध जास्त आत जाते. ते लेबलवरच्या मात्रेत, खिडक्या उघड्या ठेवून वापरावे. शेतीसाठीची बाटली आणून अंदाजाने पातळ करू नये.

आता चुकीच्या वाटा. रॉकेल किंवा डिझेल चोपडल्याने चार दिवस वास येतो, मग ते उडून जाते आणि मागे आगीची भीती राहते. वाळवीचे कंत्राट घेऊन भुंगेऱ्याची अपेक्षा ठेवणे ही सर्वांत महाग चूक. वाळवीसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ६३१३ मध्ये, उभ्या इमारतीत भिंत आणि जमीन मिळते तिथे १२ मिलिमीटरची भोके ३० सेंटिमीटरवर पाडून मातीत औषध सोडायला सांगितले आहे. २० टक्क्यांचे क्लोरपायरिफॉस असेल तर १ लिटरला १९ लिटर पाणी. हे सारे मातीतल्या वाळवीसाठी आहे. छपरातल्या वाशात बसलेल्या अळीला त्याचा काहीही उपयोग नाही. शिवाय घराला लागून विहीर असेल, तर त्या बाजूला असे औषध जमिनीत सोडूच देऊ नये. ‘१० वर्षांची गॅरंटी’ सांगणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत: गॅरंटी कोणत्या किडीची, आणि कीटकनाशक कायद्याखालचा तुमचा परवाना कुठे आहे? ॲल्ड्रिनवर १९९६ पासून आणि लिंडेनवर २०१३ पासून देशात बंदी आहे. कोणी जुना साठा घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

धान्याच्या कोठारात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या माळ्यावर ठेवण्याची कल्पना कोणी सुचवली, तर स्पष्ट नकार द्यावा. दमट हवेत त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो कौलांच्या आणि फळ्यांच्या फटींतून झोपण्याच्या खोलीत उतरतो आणि माणसे मरतात. धुरी द्यायचीच असेल, तर ती परवानाधारकाने, घर पूर्ण रिकामे आणि बंद करून द्यावी. तीही नवी कीड येण्यापासून संरक्षण देत नाही, त्या दिवशी आत जे आहे तेवढेच मरते.

ओलाव्याचा मुद्दा थोडा समजून घ्यावा. ओल आटोक्यात आली की वाळवी आणि कूज थांबतात. लिक्टस मात्र बऱ्यापैकी कोरड्या लाकडातही तग धरतो, म्हणून केवळ घर हवेशीर ठेवल्याने पिठी थांबेल असे समजू नये. तरी हवा खेळती हवीच, कारण जुन्या घरात तुळई पडते ती बहुधा कुजून. तुळईचे टोक चिऱ्याच्या भिंतीत जिथे शिरते, तिथे टोच्या घालून पाहावे. सहज आत गेला तर काम गंभीर आहे. त्या टोकाभोवती बोटभर हवेची जागा सोडावी, सिमेंटने लिंपू नये. कौलांखाली ताडपत्री ताणून बसवली, की गळती थांबल्यासारखी वाटते. पण वाशांना हवा मिळत नाही आणि ४ महिने ते ओलेच राहतात. पूर्वी चुलीचा धूर आणि ऊब स्वयंपाकघरावरचे वासे कोरडे ठेवत होती आणि काजळी छिद्रे बंद करत होती. गॅस आला तेव्हापासून त्या वाशांकडे मुद्दाम पाहावे लागते.

लाकूड किती खाल्ले गेले म्हणजे बदलावे? समजा, १० बाय १५ सेंटिमीटरच्या तुळईचा चारही बाजूंनी १ सेंटिमीटर पांढरा भाग भुगा झाला. उरले ८ बाय १३. पाहणाऱ्याला नुकसान थोडे वाटते, पण वाकण्याविरुद्धची ताकद १०० वरून ६० वर येते आणि ताठरपणा निम्म्यावर. अशा तुळईवर माळ्याचा भार असेल, तर दोन्ही बाजूंनी गाभ्याच्या नव्या फळ्या बोल्टने जोडाव्यात किंवा अभियंत्याला दाखवावे. पुटी भरून रंग देणे हा उपाय नाही. उलट फक्त एखाद्या कडेचा अर्धा सेंटिमीटर गेला असेल, तर भुगा तासून काढावा, बोरॉन द्यावे आणि तुळई तशीच राहू द्यावी. एवढ्या जुन्या लाकडाच्या तोडीचे लाकूड आता वखारीत मिळत नाही.

फर्निचरमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. कपाट समोरून आरशासारखे पॉलिश केलेले आणि पाठ कोरी. मादीला उघडी छिद्रे हवी असतात, ती पाठीमागून शिरते. शिसवी देव्हाऱ्याच्या तळाचे, खणांच्या आतले, पायांच्या खालचे लाकूडही तेल-पॉलिशने बंद करावे. सुटी, रंग नसलेली वस्तू मेच्या उन्हात काळ्या प्लास्टिकखाली ठेवता येते. पण ५५ ते ६० अंश तापमान लाकडाच्या पार मध्यापर्यंत तासभर टिकले पाहिजे. म्हणजे जाड पायांना सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ जातो. सरसाने जोडलेल्या किंवा वरून लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या जुन्या वस्तूंना हा उपाय करू नये, सांधे सुटतात.

माटोळीची चौकट, पोफळीच्या रिपा, मांगराचे (शेतातल्या खोपटाचे) बांबू यांचाही विचार व्हावा. बांबूत पिष्ट भरपूर. किमान ३ वर्षांचा बांबू पावसाळा संपल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत तोडावा आणि वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवावा, म्हणजे बरेच पिष्ट निघून जाते. अवसेला तोडलेला बांबू टिकतो असे म्हणतात. आमचा भरवसा चंद्रापेक्षा हंगामावर आहे. चतुर्थीनंतर चौकट माळ्यावर फेकण्याआधी पाने, फळे, दोऱ्या काढाव्यात, ती पुसून उन्हात वाळवावी आणि जमिनीला वा भिंतीला न टेकता टांगून ठेवावी.

शेवटी एक मागणी. वखारीच्या बिलावर लाकडाची जात, गाभ्याचे की पांढऱ्यासह, आणि बोरॉन प्रक्रिया झाली असल्यास कधी, एवढ्या तीन गोष्टी लिहून मिळाव्यात. तालुक्यातील एखाद्या पंचायतीने किंवा आयटीआयने साडेतीन मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल सिमेंटची टाकी बांधली, तरी भागते. वासे बुडवल्यावर तीत सुमारे ८०० लिटर द्रावण लागेल, म्हणजे ८० किलो रसायन, आणि वर भर घालत तेच द्रावण पुन्हा वापरता येते. टाकीवर पक्के छप्पर हवे आणि ती विहिरीपासून लांब हवी. शाकारणीला आलेल्या शेजाऱ्यांनी मिळून बांधली, तर वाशामागे येणारा खर्च एका फवारणीच्या बिलापुढे किरकोळ ठरेल.

आपले,
जुन्या घरांची लाकूडकामे करणारे काही कारागीर,
फोंडा